तपासणीच्या दिवशी घरी बसलेला मुलगा
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



मी याच शहरात ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्त शिक्षिकेच्या हाती माइक दिला की ‘आमच्या वेळी’ सुरू होतं, म्हणून सेक्रेटरींनी समोर घड्याळ ठेवलंय. तेव्हा मुद्द्यावरच येते.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानात लागू केला, हे आपल्या घरात पोरासोरांनाही ठाऊक असतं. माझ्या आजेसासूबाई त्या कायद्यामुळेच शाळेची पायरी चढल्या. पण मूल शाळेत आलं हे हजेरीपट सांगतो. त्याला काय येतं, हे कोण सांगणार?

२००१-०२ मध्ये आपल्याच शहरातल्या महापालिका शाळांत ते तपासून पाहिलं गेलं. तिसऱ्या धोरणातल्या मुलांना (आपण बडोदेकर ‘इयत्ता’ म्हणायचं कधीच विसरलोय) पहिलीचं गणित घातलं. ते बरोबर सोडवणारी मुलं निघाली अवघी १९.५ टक्के. मी तेव्हा तिसरीलाच शिकवत होते. आकडा ऐकून मला राग आला. माझ्या वर्गात असं नाही, असं मी ठणकावून सांगितलं होतं. मग एका दुपारी दार लावून मी स्वतःच माझ्या मुलांना पहिलीची बेरीज-वजाबाकी घातली. त्या दिवसानंतर मी ठणकावणं सोडलं.

तो अभ्यास केला होता अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डफ्लो आणि ली लिंडन यांनी, मुंबईच्या ‘प्रथम’ संस्थेबरोबर. बॅनर्जी आणि डफ्लो यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅनर्जींचं पूर्ण नाव अभिजित विनायक. मातोश्री माहेरच्या पाटणकर. बाप्पासमोर उभं राहून हा ‘विनायक’ सांगितल्यावाचून राहवलं नाही, एवढं चालवून घ्या.

प्रयोग साधा होता. वस्तीतलीच, शाळा शिकलेली एखादी तरुण मुलगी घ्यायची, तिला दोनेक आठवडे शिकवून तयार करायचं. तिचं नाव ‘बालसखी’. वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसणार आणि तिसरी-चौथीचं पुस्तक मिटून अक्षरओळख, अंक, साधी बेरीज असं मुळापासून करून घेणार. काही शाळांत बालसखी तिसरीला दिली, काहींत चौथीला, पुढल्या वर्षी उलट केलं. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी सगळ्यांना एकसारखी चाचणी. त्यामुळे कोणाला सखी मिळाली आणि कोणाला नाही, यांची तुलना नीट करता आली.

दुसऱ्या वर्षी गुण ज्या मापानं वाढले, ते घरगुती भाषेत सांगते. शंभर मुलांची हुशारीप्रमाणे रांग लावली आणि बरोबर मधलं मूल धरलं, तर ते सुमारे अकरा जागा पुढे सरकलं असं समजा. ही वाढ झाली ती मुख्यतः बालसखीकडे गेलेल्या कच्च्या मुलांची. वर्गात उरलेल्या मुलांना बाईंचा वर्ग लहान मिळाला, पण त्याचा त्यांना फारसा फायदा दिसला नाही. आम्ही शिक्षक आयुष्यभर ‘पटसंख्या कमी करा’ म्हणत आलो, त्यामुळे हे वाचून मी जरा हिरमुसलेच.

दुसरी गोष्ट संगणकांची. सरकारनं शहरातल्या शंभर शाळांना चार-चार संगणक दिले होते. बहुतेक ठिकाणी ते वापराविना पडून. चौथीच्या मुलांना जोडीजोडीनं आठवड्यातून दोन तास त्यांच्यावर गणिताचे खेळ खेळू दिले, तर गणिताचे गुण बालसखीपेक्षाही जास्त वाढले. मात्र हे सगळं थांबल्यावर वर्षभरानं पाहिलं, तेव्हा वाढीचा बराचसा भाग ओसरला होता. हेही त्यांनी दडवलं नाही, छापलं.

आता माझी गोष्ट. शाळेचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती.

एके वर्षी बाहेरून तपासणी येणार होती. मुलांकडून वाचून घेणार, गणितं घालणार, त्यावरून शाळेला श्रेणी. माझ्या वर्गात एक मुलगा होता. स्वभावानं गोड, फळा पुसायला पहिला धावणारा. पण जोडाक्षर आलं की थांबायचा, आणि वद्दीचे सरवाळे, म्हणजे आपल्या हातच्याच्या बेरजा, त्याला जमतच नव्हत्या. आदल्या दिवशी मी त्याला जवळ घेऊन म्हटलं, ‘बेटा, उद्या तू आराम कर.’ मला कोणी लेखी हुकूम दिला नव्हता. तोंडीही नाही. मला आपलं सुचलं.

दुसऱ्या दिवशी तो दहा वाजता फाटकाशी उभा. ‘परीक्षा’ एवढंच त्याच्या आईच्या कानावर गेलं होतं, म्हणून तिनं रात्री गणवेश धुऊन वाळवला होता. केसांना तेल, भांग पाडलेला. शिपायानं त्याला परत पाठवलं. मी खिडकीतून पाहिलं आणि फळ्याकडे वळले. शाळेला श्रेणी चांगली मिळाली. पेढे वाटले. त्यालाही दिला.

त्या तपासणीच्या कागदावर माझा वर्ग छान वाचत होता. मग मागे पडलेल्यांसाठी त्या वर्गाला मदत कोण देणार आणि कशाला? बालसखीनं ज्या मुलांचे गुण वाढवले, तसलंच मूल मी मोजणीतून काढून टाकलं होतं. चाचणी दुष्ट असते, मुलांवर दडपण आणते, असं आपण म्हणतो. त्या मुलावर चाचणीचं दडपण नव्हतं. होतं ते माझ्यावर.

म्हणून मला ‘असर’ची पद्धत पटते. २००५ पासून ‘प्रथम’ ही पाहणी ग्रामीण भागात करते. माणसं शाळेत नाही, घरी जातात. एकेका मुलाजवळ बसून एक कागद पुढे करतात: अक्षरं, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. घरी असलेलं मूल घरीच सापडतं, त्याला कुणी ‘आराम कर’ म्हणू शकत नाही. २०२४ च्या पाहणीत देशभरात पाचवीतली ४८.८ टक्के मुलं दुसरीची गोष्ट वाचू शकली. कोविडनंतर २०२२ मध्ये हा आकडा ४२.८ होता, त्याआधी २०१८ मध्ये ५०.५. म्हणजे आपण जेमतेम जुन्या जागी परत येतोय.

आपली नातवंडं इंग्रजी शाळेत जातात, हा प्रश्न आपला नाही असं वाटेल. पण आपल्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचा मुलगा चौथीत आहे ना? त्याला परवा आरतीसंग्रहाची एक ओळ वाचायला द्या, नाहीतर गुजराती पेपरातली. रागावू नका, फक्त ऐका.

मंडळाच्या वाचनालयाची खोली दुपारी तीन ते पाच रिकामी असते, कार्यकारिणीची परवानगी मी काढली आहे. अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारपासून तिथे बसायचं आहे. मुलं मी आणते. गुजराती वाचता येणाऱ्या चार जणी हव्यात, पुरुष आले तरी चालतील. आरतीनंतर मी चपला ठेवतात त्या बाजूला वही घेऊन उभी आहे.