काचेच्या टाकीत कोणता मासा ठेवावा?



आपण किनाऱ्यावरची माणसं. मासा म्हटला की आपल्याला कालवण आठवतं. “मास्तर, मासा तो खायचा, पाळायचा कशाला?” असं तुम्ही विचाराल. पण आता आपल्या घरांतही काचेच्या टाक्या दिसू लागल्या आहेत. मुलं हट्ट धरतात. बाप अलिबाग-पेणच्या बाजारातून पिशवीत चार मासे घेऊन येतो. आठ दिवसांत मासे मरतात. पैसे जातात, मूल रडतं, आणि घरातली म्हातारी म्हणते, “आपल्याला काही हे लाभत नाही.”

लाभण्या-न लाभण्याचा हा प्रश्न नाही. चूक होते ती निवडीत. ती मीही केली आहे. नातीसाठी काचेचं गोल भांडं आणि चार गोल्डफिश आणले होते. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. तरी पाचव्या दिवशी एकही मासा उरला नाही. “आजोबा, आपण त्यांना काय केलं?” असं नातीनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. मग मी चौकशी केली, वाचलं. त्यातून जे समजलं, ते आज सांगतो.

मासा निवडताना तीन गोष्टी पाहाव्या : पाणी, वाढ आणि स्वभाव.

पहिली गोष्ट पाणी. खाऱ्या पाण्यातला मासा गोड्या पाण्यात जगत नाही. आपली पोरं ओहोटीला खडकातले मासे आणि खाडीच्या चिखलातल्या निवट्या पकडून बादलीत ठेवतात. निवटीला खाडीचा चिखल हवा, खारं पाणी हवं. घरच्या टाकीत तिचे हाल होतात. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. तिथेसुद्धा समुद्राचे मासे आणि गोड्या पाण्याचे मासे वेगवेगळ्या टाक्यांत ठेवलेले असत. घरी समुद्राचं पाणी सांभाळणं फार कठीण. म्हणून आपण गोड्या पाण्याचेच मासे घ्यावे.

पण गोडं पाणीही सगळीकडे सारखं नसतं. खारेपाटात आणि किनाऱ्यालगत काही विहिरींचं पाणी मचूळ असतं. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, ते पाणी जड. अशा पाण्यात मॉली आणि गप्पी हे मासे चांगले राहतात. निऑन टेट्रा नावाचा चमकदार मासा दुकानात मोहात पाडतो, पण त्याला हलकं पाणी लागतं. मचूळ पाण्याच्या घरी तो नेऊ नये.

दुसरी गोष्ट वाढ. दुकानात मासा बोटाएवढा दिसतो, पण ते पिल्लू असतं. गोल्डफिश वीतभर वाढतो आणि घाणही फार करतो. रोहू-कटल्याचं बोटुकलं तळ्यासाठी असतं, टाकीसाठी नाही. काच साफ करतो म्हणून सकर मासा गळ्यात मारतात. तो पुढे फूटभर आणि त्याहूनही मोठा होतो. म्हणून दुकानदाराला “हा मासा केवढा आहे?” असं विचारू नका. “हा केवढा होणार?” असं विचारा.

तिसरी गोष्ट स्वभाव. फायटर माशाचे दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात. तो एकटाच बरा. झेब्रा मासा मात्र जमावात सुखी असतो. तो आपल्याच देशातला आहे. पट्टेरी, चपळ आणि काटक. पण उडी मारतो, म्हणून टाकीवर झाकण हवं.

आता हिशेब करू. दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ४२ लिटर पाणी मावतं. खालची वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर उरतं ३५ लिटरच्या आसपास. एवढ्या पाण्यात सहा गप्पी ठेवा, किंवा सहा झेब्रा, किंवा एकच फायटर. या तिन्हींपैकी एकच निवडा. गप्पी घेताना फक्त रंगीत शेपटीचे नर घ्या. मादी घेतलीत तर ती महिन्या-महिन्याला पिल्लं देईल आणि टाकी पुरणार नाही. हे मासे आपल्या कोकणच्या उबदार हवेत राहतात. पाणी तापवण्याचं यंत्र लागत नाही.

स्वच्छ पाण्यातही माझे मासे का मेले, ते ऐका. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया नावाचं विष पाण्यात उतरतं. ते डोळ्यांना दिसत नाही. वाळूत आणि फिल्टरमध्ये बारीक जीवाणू वाढतात, ते हे विष कमी करतात. पण त्यांना वाढायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून आधी दोनच मासे सोडा. खाणं चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल इतकंच. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. सगळं पाणी एकदम बदलू नका. नळाचं पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग घाला, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जातं. विहिरीत पावडर टाकली असेल, तर त्या दिवशी तिथलं पाणी घेऊ नका.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मासे नकोसे झाले तर गावच्या तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नका. “जीव वाचवला, पुण्य केलं,” असं वाटतं. पण हे परके मासे तिथल्या माशांचं खाणं आणि जागा बळकावतात. असाच सोडून दिलेला सकर मासा देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरला आहे आणि कोळ्यांची जाळी फाडतो आहे. आरोग्य खातं डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी सोडतं, पण ते ठरवून, साठलेल्या पाण्यात. ते काम त्यांचं. आपण नको झालेले मासे दुकानात परत द्यावे, नाहीतर ज्याच्याकडे टाकी आहे त्याला द्यावे.

मंडळी, दारात गाय बांधण्याआधी आपण गोठा पाहतो, चारा पाहतो. मासा लहान आहे, पण त्याचाही जीवच. त्याला ओरडता येत नाही, म्हणून विचार आधी आपण करायचा. दुसऱ्या खेपेला मी नातीला सहा गप्पी आणून दिले. महिनाभर टाकी तयार केली, मग एकेक जोडी आणली. आता रोज सकाळी ती आधी त्यांना चिमूटभर खाणं घालते आणि मग आपण न्याहारीला बसते.