चेंडू आणि बोळकं

(पुण्यात ताडीवाला रोडवरच्या एका अभ्यासिकेत, परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींपुढं केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलंय. भाषा धुऊनपुसून घेतलेली नाही.)



मला विषय दिलाय, यशाच्या वाटेतले अडथळे, आतले आणि बाहेरचे. गेल्या महिन्यात इथं एक पाहुणे येऊन गेले म्हणे. टाय लावलेले. ते म्हणाले, अडथळा फक्त तुमच्या डोक्यात असतो, तिथनं काढा की यश तुमचं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी टपरीवर आपल्यातलाच एक जण मला म्हणाला, सगळं झूट आहे, ही व्यवस्थाच सडकी, कितीही घासली तरी आपलं काय होत नाय. हा दोस्त तीन वर्षं फॉर्म भरतोय आणि दोन वर्षं त्यानं पुस्तक उघडलेलं नाही.

मला दोघांशी भांडायचंय. पाहुण्यांच्या बोलण्यात व्यवस्था मोकळी सुटते. दोस्ताच्या बोलण्यात तो स्वतः मोकळा सुटतो.

इथनं चालत गेलात तर बंडगार्डन रोडला पूना क्लबचं मैदान आहे. तुम्ही रोज त्या बाजूनं जाता. १८९२ साली त्या क्लबात एक पोरगा कामाला लागला. चांभाराचा पोरगा. बाप लष्कराच्या चाकरीत. नाव बाळू पालवणकर. आपल्या घरातला म्हणून मी एकेरीत बोलतो. आधी तो पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडायचा, महिना तीन रुपये. इथं चार रुपये झाले. रोलर फिरवायचा, जाळी लावायची, रेघा मारायच्या आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा साहेब तर इतरांच्या आधी येऊन याच्याच गोलंदाजीवर हात साफ करायचा. आउट केलं की आठ आणे द्यायचा, असं सांगतात. फलंदाजी मात्र बाळूला कुणी दिली नाही. बॅट धरायची ती साहेबानं. याचा हात फक्त चेंडूला.

आणि त्या हातानं काय केलं? डावखुरा फिरकी. साहेबांना तासन् तास चेंडू टाकून टाकून तो असा तयार झाला, की पुण्यातल्या हिंदू क्लबवाल्यांना इंग्रजांना हरवायचं झालं तेव्हा बाळूवाचून त्यांचं पान हलेना. घ्यावं तर विटाळ, न घ्यावं तर हार. घेतला. पण कसा घेतला? मैदानात सगळ्यांनी एकच चेंडू हाताळला. चहाची वेळ झाली की बाकीचे आत, चिनी मातीच्या कपांतनं. बाळू बाहेर, मातीच्या बोळक्यातनं. जेवायला ताट वेगळं, टेबल वेगळं. तोंड धुवायला पाणी हवं तर आपल्यातलाच कुणी गडी घालणार.

आता सांगा, हे बोळकं बाळूच्या डोक्यात होतं काय? ते त्याच्या हातात होतं!

पुढं तो मुंबईला गेला. रेल्वेत नोकरी, हिंदू जिमखान्याकडनं खेळ. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात याच्या बोटांचा मोठा वाटा. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला भारतीय संघ विलायतेला गेला. महाराजा मेजवान्यांत, संघ हरतोय, आणि चार रुपयांवर जाळी लावणारा बाळू त्या दौऱ्यात ११४ बळी घेतो.

मग कप्तान कुणाला करायला पाहिजे होतं? तुमच्या त्या पाहुण्यांच्या हिशोबानं ११४ बळी म्हणजे यश, आणि यश आलं की दार उघडतं. दार उघडलं नाही. वर्षामागून वर्षं गेली, कप्तान दुसराच. १९२० साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत नेहमीचे कप्तान एम. डी. पै आजारी पडले, तरी खुर्ची गेली दि. ब. देवधरांकडं. बाळूला संघातनंच वगळलं. तेव्हा त्याचे दोन भाऊ, विठ्ठल आणि शिवराम, दोघंही कसलेले खेळाडू, त्यांनी काय केलं? जाहीर निवेदन काढलं आणि संघातनं अंग काढून घेतलं. आम्ही खेळत नाही, म्हणाले.

इथं थांबा जरा. वीस-पंचवीस वर्षांच्या बळींनी जे हललं नाही, ते या नकारानं हललं. पुढच्याच सामन्यात बाळू उपकप्तान झाला, पै परत आले आणि काही वेळ त्यांनी मैदान सोडून नेतृत्व बाळूकडं दिलं. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचा कप्तान झाला. आणि जिंकला. कर्तबगारीनं बाळूला मैदानात नेलं. खुर्ची मात्र भावांनी मिळून केलेल्या बंडानं आणली. नुसतं बंड असतं आणि हातात चेंडू फिरत नसता, तर त्यांच्या न खेळण्याचं कुणाला काय पडलं असतं? दोन्ही लागतं, बाबांनो. म्हणून मी त्या टपरीवरच्या दोस्ताला म्हणतो, पुस्तक उघड.

आता एक कडू गोष्ट. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसनं उभा केला तो हाच बाळू. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. माझा बाप बाळूचं नाव काढलं की थुंकायचा. मी थुंकत नाही. पण धडा घेतो. आपला एकटा यशस्वी माणूस दिसला की प्रस्थापित त्याला हार घालतात आणि आपल्याच पुढं आणून उभा करतात. ज्याच्यामागं समाज उभा नाही, त्याच्या यशाचा वापर दुसराच करतो.

हे झालं बाहेरचं. आता आतलं बोलतो. ते बोलायला मला जड जातंय, कारण ते माझं आहे.

मी इथंच वाढलो, रुळांच्या कडेला. माझी आई कागद-पत्रा वेचायची. मी कॉलेजात गेलो तेव्हा पत्ता विचारला की सांगायचो, बंडगार्डन रोड. खोटं नव्हतं अगदीच. जवळच तर होता! पण ताडीवाला रोड हे दोन शब्द माझ्या घशातनं वर येत नव्हते. एकदा मित्रांबरोबर चाललो होतो, आणि समोरनं आई आली. पाठीवर पोतं. तिनं मला पाहिलं. मी दुकानाच्या पाटीकडं पाहायला लागलो. तीही काही न बोलता गेली. रात्री तिनं जेवायला वाढलं आणि एवढंच विचारलं, "पाटीवर काय लिव्हलं व्हतं रं?"

मित्रांनो, ते बोळकं मला कुणी हातात दिलं नव्हतं. माझं मीच धरलं होतं.

पहिल्या मोठ्या मुलाखतीत साहेबांनी पूर्ण नाव विचारलं, मग राहता कुठं विचारलं. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं, की मला तसं वाटलं, मला अजून सांगता येत नाही. माझी जीभ टाळ्याला चिकटली. येणारी उत्तरं येईनात. बाहेर पडलो ते स्वतःला सांगतच, आपल्यात तेवढं नाहीच. पुढं दोन वर्षं मी कुठं अर्ज केला नाही. एका मिनिटाच्या नजरेनं माझी दोन वर्षं खाल्ली. मग सांगा, हा अडथळा आतला का बाहेरचा? बाहेरचाच आत येऊन बसतो. बिऱ्हाड करतो. आणि मग आपल्याच आवाजात बोलायला लागतो. म्हणून ओळखू येत नाही.

तो बाहेर कसा काढायचा, हे मला पुस्तकातनं कळलं नाही. आईनं दाखवलं. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बाया एकत्र आल्या, बहुतेक आपल्याच. पुढं त्यांना ओळखपत्रं मिळाली, महापालिकेनं मान्य केलेली. पहिल्या दिवशी आई ते गळ्यात घालून गेली आणि संध्याकाळी येऊन म्हणाली, "काल वाचमन मला 'ए' म्हणत व्हता. आज 'मावशी' म्हणला. म्या तीच. पोतं त्येच. त्येच्यात बदललं, मंग माझ्यात बी बदललं." त्यानंतर तिची पाठ पोत्याखाली वाकायची ती वाकायचीच, पण मान वर असायची. तिला कुणी आत्मविश्वासाचं शिबिर दिलं नव्हतं. बाया जमल्या, मागितलं, मिळवलं. त्यात आतली भीती कधी गेली, तिलाही कळलं नाही.

म्हणून मी म्हणतो, एकट्यानं आतलं साफ करत बसू नका. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात गेला. डॉ. पायल तडवी, आदिवासी घरातली पोरगी, मे २०१९ मध्ये मुंबईत गेली. यांच्यात काय कमी होतं? हुशारी? मेहनत? पीएच.डी.पर्यंत, एम.डी.पर्यंत पोचलेली माणसं ही. यांना कोण सांगणार, अडथळा तुमच्या डोक्यात होता म्हणून? आणि तुमच्यातल्या कुणाच्या डोक्यात रात्री-बेरात्री तसला अंधार येत असेल, तर शपथ आहे, दार वाजवा. माझं वाजवा. कितीही वाजता. लाज वाटली तरी वाजवा.

आता कामाचं सांगतो, मग बसतो.

शिष्यवृत्ती अडली, जात पडताळणीचा कागद अडला, तर एकट्यानं खिडकीपुढं उभं राहू नका. पाच जण जा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. उत्तर नाही मिळालं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. २००५ चा कायदा आहे, दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हा बाहेरच्या अडथळ्याचा इलाज.

आतल्याचा इलाज असा. दर रविवारी याच खोलीत खोटी मुलाखत घ्या एकमेकांची. चार जण साहेब बना. तिरकं बघा, नाव विचारा, आडनावावर थांबा, इंग्रजीत टोचा. इथं जीभ अडखळू दे, इथं घाम फुटू दे, हसा, परत करा. तसली नजर घरच्या माणसांत शंभरदा झेलली की बाहेर तिची धार जाते. बाळूनंही तेच केलं होतं. साहेबाला रोज चेंडू टाकून टाकून त्याला साहेबाची भीती उरली नाही. फरक एवढाच, की त्याला तिथं आपलं म्हणायला कुणी नव्हतं. तुम्ही इथं चाळीस आहात.

आणि नोकरी लागली, बंगला झाला, तर खुशाल व्हा मोठे. मी काही उपाशी राहा म्हणणारा नाही. फक्त इथं परत येऊन रविवारी साहेबाच्या खुर्चीत बसा.

मला पुढं नोकरी लागली ती तिसऱ्या मुलाखतीत. तिथंही विचारलं, राहता कुठं? मी म्हणालो, ताडीवाला रोड, झोपडपट्टीत, रुळांच्या कडेला. आई काय करते? कागद-पत्रा वेचते, ओळखपत्र आहे तिच्याकडं. त्या साहेबाला पुढचा प्रश्न सुचायला जरा वेळ लागला. तेवढ्या वेळात मी पाणी प्यालो. काचेच्या ग्लासातनं.

जय भीम.