शनिवार तेल्यांची प्रार्थना

मावळांतील सुदुंबरें या गांवीं संताजी जगनाडे यांची समाधि आहे. तुकोबांच्या या तेली शिष्यानें गुरूचे अभंग लिहून ठेवले हें सर्वश्रुतच आहे. त्याच धंद्याचा दुसरा एक समाज घाटाखालीं कोंकणांत होता. परंतु त्याजपाशीं लिहिलेलें कांहींच उरलें नव्हतें. हे बेने इस्रायल लोक. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. धर्मग्रंथ गेले, हिब्रू भाषा गेली. विसावा राहिला, सुंता राहिली, आणि राहिलें 'शेमा' हें ईश्वराच्या एकत्वाची ग्वाही देणारें वचन. 'शेमा' म्हणजे 'ऐक'. प्रसंग शुभ असो वा अशुभ, तेंच म्हणावयाचें.

यहुद्यांची आजची उपासनाहि अशाच एका नाशानंतर आकारास आली. इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें यरुशलेमचें मंदिर जाळलें. तेथें नित्य सकाळीं व तिसऱ्या प्रहरीं कोंकराचा बळी अर्पण होत असे. आचार्यांनीं प्रार्थनांची सांगड त्या वेळांशीं घातली. शब्बाथ व सण यांच्या जादा बळीच्या जागीं जादा प्रार्थना आली. रात्रीची प्रार्थना आवश्यक कीं ऐच्छिक, यावर मात्र पंडितांत मोठा वाद माजला होता. सोमवारीं व गुरुवारीं तोरा वाचण्याची चाल परंपरा एज्राची मानते. ते बाजाराचे दिवस. खेडूत मोठ्या गांवांत येई, तेवढ्यांत धर्मवचन त्याच्या कानीं पडे. आठवड्याच्या बाजाराचें महत्त्व मावळच्या शेतकऱ्यास सांगावयास नकोच!

कंपनीच्या पलटणींतील सॅम्युएल दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईंत मांडवी येथें बेने इस्रायलांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. समाजांत त्यास 'जुनी मशीद' म्हणत. टिपूच्या कैदेंतून सुटल्याबद्दल फेडलेला तो नवस, असें सांगतात. पुढें कोचीनच्या यहुदी शिक्षकांनीं प्रार्थनेचा क्रम व पाठ शिकविले. येथून यरुशलेम पश्चिमेकडे, म्हणून तोंड पश्चिमेकडे. विधि असा परक्याकडून आला, तरी कान मराठीच राहिला. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची 'हग्गादा' पुण्यांत १८७४ सालीं हिब्रू मूळ व मराठी भाषांतर यांसह छापली गेली, आणि १८८० च्या सुमारास तर अब्राहाम-योसेफांच्या कथांवर मराठी कीर्तनें होऊं लागलीं.

एलियाहू हन्नबीच्या नांवें पोहे, खोबरें, गूळ व फळें यांचा 'मलिदा' मांडतात. कोणी त्यांत मंदिरांतील अन्नार्पणाचा अवशेष पाहतात; पण शब्द फारसी आहे. शेजारच्या दर्ग्याकडून चालीनें नुसतें नांव घेतलें कीं सारा विधिच घेतला, याचा निकाल सोपा नाहीं.

सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. एकट्यानें पुष्कळ म्हणतां येतें. मृतांसाठीं म्हणावयाचा 'कद्दिश' मात्र दहांवांचून होत नाहीं. १९४८ नंतर समाजाचा बहुतेक भाग इस्रायलास गेला. कोंकणांतील कित्येक प्रार्थनामंदिरांत आतां दहावा माणूस येण्याची वाट पाहावी लागते, आणि तो न आला तर जमलेले नऊजण आपापला 'शेमा' म्हणून घरीं परततात.