खालच्या पाणवठ्याची माणसे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी इचलकरंजीच्या सूतगिरणीतला कामगार. शाळा सातवीपर्यंत, पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. चुकलो तर सांभाळून घ्या.

आमचे गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. जवळच राजापूरचा बंधारा. तिथून पुढे नदी कर्नाटकात जाते. उन्हाळ्यात बंधाऱ्याला बरगे घातले की आमच्याकडे पाणी थांबते, खालची गावे सुकतात. बरगे काढले की आमच्या मोटारी उघड्या पडतात. यावरून भांडणे होतात, पहारे बसतात.

माझी अक्का खालच्या गावात दिली आहे. एका मे महिन्यात तिचा फोन आला, "आरं, बरगं कवा काढताय? हितं जनावरांस्नी पाणी न्हाई." त्याच रात्री माझा पुतण्या काठी घेऊन बंधाऱ्यावर बसला होता. आत्याच्या दारात पाणी जाऊ नये म्हणून भाचा पहारा देतो!

हे भांडण नवे नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय युद्धाला उठले. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सांगितले आहे, की सिद्धार्थाने संघात युद्धाला विरोध केला. आपले दोन, त्यांचे दोन आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, असे पाच जण बसवून निवाडा करू, असे ते म्हणाले. बहुमत विरुद्ध गेले, पण ते मागे हटले नाहीत. त्यांनी घर सोडले.

आपल्याकडेही १९६९ साली कृष्णेसाठी बच्छावत लवाद नेमला. १९७६ साली वाटे कायम झाले : महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८०० टीएमसी. पण लवाद वर्षाचा हिशोब करतो. मे महिन्यातली तहान गावांनीच बसून सोडवायची असते.

आणि आपण कोण, हे विसरू नका. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर पन्नास वर्षांनीही माझी आई खालच्या पाणवठ्यावरच घागर भरायची. वरच्या अंगाला गुरे धुवायचे, ते गढूळ पाणी आमच्या वाट्याला. खालचा माणूस म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग आज बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला बसलो म्हणून आपणही तसेच वागायचे काय?

मी पुतण्याला घेऊन अक्काकडे गेलो. तिची कोरडी विहीर त्याला दाखवली. तो काही बोलला नाही, पण पुन्हा काठी घेऊन गेला नाही.

म्हणून माझी विनंती आहे : येत्या उन्हाळ्याआधी आपले दोन, त्यांचे दोन या विहारात बोलवा. पाचवा ते चौघे निवडतील.

जयभीम! नमो बुद्धाय!