जड पाण्याच्या मुलखातील जलतरण तलाव

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वर्षाकाठी साधारण ५०० मिलिमीटर पाऊस, घोड, चासकमान आणि खडकवासला येथील कालव्यांची आवर्तने आणि आवर्तन लांबले की विहिरी व बोअर, अशा आधारावर येथील शेती उभी आहे. याच मुलखात मोराची चिंचोलीसारख्या कृषी पर्यटनाच्या गावांत, तसेच पुणे–सोलापूर आणि पुणे–अहिल्यानगर या दोन महामार्गांलगतच्या शेतघरांत लहान जलतरण तलाव दिसू लागले आहेत. पाण्याची ओढ असलेल्या प्रदेशात असा तलाव बांधणे योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट निर्विवाद आहे: येथे तलाव बांधायचाच असेल, तर पाणी हिरवे झाले म्हणून ते उपसून टाकण्याची आणि टँकर मागवण्याची रीत समर्थनीय ठरत नाही. एकदा भरलेले पाणी वर्षानुवर्षे वापरण्याजोगे ठेवणे हेच तलावाच्या यंत्रणेचे काम आहे आणि त्या यंत्रणेची समज या भागात ठिबक सिंचनामुळे आधीपासूनच रुजलेली आहे.

दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटरपेक्षा किंचित कमी, म्हणजे १.२ मीटर खोल तलावात ६०,००० लिटर पाणी मावते. पृष्ठभागावरचा पालापाचोळा ओढून घेणारा स्किमर आणि तळाचा निचरा या दोन वाटांनी पाणी पंपाकडे येते, पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीच्या टोपलीत मोठा कचरा अडतो, पुढे गाळणीत बारीक गाळ राहतो आणि स्वच्छ पाणी भिंतीतील तोंडांतून तलावात परतते. हे सगळे पाणी सहा तासांत एकदा फिरवायचे, तर ताशी १०,००० लिटर वाहून नेणारा पंप लागतो. मात्र गाळलेले आणि न गाळलेले पाणी तलावात सतत मिसळत असल्याने, एका फेरीइतका वेळ पंप चालवूनही प्रत्यक्षात सुमारे ६३ टक्केच पाणी गाळणीतून गेलेले असते आणि दुसऱ्या फेरीअखेर हे प्रमाण ८६ टक्क्यांपर्यंत जाते. पाहुणे येण्याच्या दिवशी सकाळी तासभर मोटर चालवून पाणी नितळ का होत नाही, याचे उत्तर या हिशेबात आहे.

ठिबकच्या संचावरील सँड फिल्टर ज्याने हाताळला आहे, त्याला तलावाची गाळणी परकी वाटण्याचे कारण नाही. दोन्हींत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची किंवा त्याहून थोडी भरड, धुतलेली सिलिका वाळू असते, दोन्हींत दाबमापक असतो आणि वाळूत गाळ साचू लागला की दाब चढतो. स्वच्छ वाळू असताना काटा जेथे स्थिरावतो, तो आकडा टाकीवर रंगाने लिहून ठेवावा आणि त्यापेक्षा दाब अर्धा ते पाऊण किलोने वाढला की बॅकवॉश करावा, म्हणजे पाणी उलट दिशेने सोडून गाळ बाहेर काढावा. झडपेचा दांडा फिरवण्यापूर्वी पंप बंद करणे अत्यावश्यक आहे, कारण चालू दाबात दांडा फिरवल्यास आतील रबरी गॅस्केट निसटते आणि मग गाळ नकळत तलावातच परतू लागतो. दोन-तीन मिनिटांत तपासणीच्या काचेतून स्वच्छ पाणी दिसू लागते. त्यानंतर अर्धा मिनिट पाणी बाहेर सोडून वाळू पुन्हा बसू द्यावी. या कामी ५०० लिटरच्या आसपास पाणी जाते. ते खड्ड्यात साठवून, क्लोरीन उडून गेल्यावर झाडांना देता येते. उलट, दाब न वाढताही बॅकवॉश करत राहिल्यास पाणी तर जातेच, शिवाय वाळूही पुरेशी काम करत नाही, कारण किंचित मळलेली वाळूच अधिक बारीक कण धरते.

या भागातील खरी अडचण मात्र गाळाची नसून क्षारांची आहे. बेसाल्टातून झिरपून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असतात, म्हणूनच अशा पाण्याला जड म्हणतात. उन्हाळ्यात दिवसाला सात मिलिमीटर पाणी वाफ होऊन गेले, तर वरील तलावातून रोज ३५० लिटर, महिन्याला साडेदहा हजार लिटर पाणी कमी होते. वाफ जाते, क्षार मागे राहतात. लिटरला ४०० मिलिग्रॅम जडपणाच्या पाण्याने ही तूट भरल्यास दर महिन्याला चार किलोंहून अधिक क्षार तलावात जमा होतात आणि बॅकवॉशखेरीज त्यांना बाहेर पडायला वाट नसते. विरघळलेला कर्बवायू उडून जाऊन पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे मोजमाप, चढू लागला की या क्षारांतील चुना टाइल्सवर पांढऱ्या पट्ट्याच्या रूपाने बसतो, नळ्यांत थर धरतो आणि वाळूची ढेकळे करतो. ढेकळांच्या फटींतून पाणी न गाळताच निसटते. दाबमापक शांत आणि पाणी मात्र गढूळ, ही त्याची खूण होय. ड्रिपर चोंदल्यावर ॲसिड ट्रीटमेंट देणारा शेतकरी हीच रासायनिक क्रिया उलटवत असतो.

यावरचा सर्वांत सोपा उपाय आकाशातून येतो, तरी तो क्वचितच योजला जातो. शेतघराच्या किंवा गोठ्याच्या २०० चौरस मीटर पत्र्यावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी ८०,००० लिटर पाणी मिळते, म्हणजे संपूर्ण तलावापेक्षा जास्त. हे पाणी जवळजवळ क्षारहीन असल्याने केवळ त्यावर विसंबू नये, नाहीतर ते सिमेंटमधील चुना ओढून घेते. बोअरच्या पाण्यात मिसळून जडपणा लिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम राखावा. वापर नसताना तलावावर आच्छादन घातल्यास वाफेची मोठी गळती थांबते, आणि तो खर्च टँकरच्या मानाने लवकर भरून निघतो.

जंतुनाशकाची निवडही जडपणावरून ठरवावी. ब्लीचिंग पावडर कॅल्शियमची भर घालते, म्हणून येथे पातळ सोडियम हायपोक्लोराइट अधिक योग्य ठरते. मात्र उष्णतेने त्याचा जोर कमी होत असल्याने ते सावलीत आणि थोड्या प्रमाणात साठवावे. मुक्त क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू ७.२ ते ७.६ असावा. साडेसात सामूला जवळपास निम्मे क्लोरीन प्रभावी रूपात असते, तर आठला ते पाव हिश्श्याच्याही खाली येते. म्हणून सामू न तपासता क्लोरीन ओतत राहणे निष्फळ आहे. थेट उन्हात क्लोरीन काही तासांतच नष्ट होते, तेव्हा मात्रा सूर्यास्तानंतर द्यावी. आम्ल आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी वायू सुटतो, तसेच ब्लीचिंग पावडर आणि क्लोरीनच्या गोळ्या एकाच भांड्यात आल्यास आग लागू शकते.

विजेच्या बाबतीत शेतातील सवयी तलावावर चालणार नाहीत. वीज आल्याबरोबर आपोआप मोटर सुरू करणारा ऑटो स्टार्टर विहिरीवर सोयीचा असतो, परंतु तलावाचे पाणी स्किमरच्या तोंडाखाली गेले असल्यास पंप हवा ओढतो, कोरडा फिरतो आणि त्याचे सील जळते. उघड्या जोडणीची वायर आणि नावापुरते अर्थिंग येथे जीवघेणे ठरते. ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे उपकरण बसवलेच पाहिजे आणि त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहिले पाहिजे. तळाचा निचरा एकच असल्यास त्याच्या तोंडावर लहान मुलाचे अंग किंवा केस ओढले जाऊन अडकू शकतात, म्हणून एकमेकांपासून अंतर राखलेले दोन निचरे आणि त्यांवर घट्ट बसवलेल्या फुगीर जाळ्या असाव्यात. ज्या तलावाची जाळी तुटलेली किंवा निखळलेली आहे, तेथे ती बदलेपर्यंत पंप चालू करू नये आणि कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये.