पन्नाशीतील स्मृतिभ्रंश आणि घरची कागदपत्रे
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मेंदूविषयी बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा. परंतु हिशेबाच्या खिडकीतून या व्याधीचे जे रूप दिसते ते तपासणीच्या खोलीत बहुधा दिसत नाही, म्हणून हे चार शब्द.

स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपणाचा आजार, असा आपला समज. वास्तविक डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफुर्ट येथे ज्या रुग्णेची नोंद केली, त्या बाई अवघ्या ५१ वर्षांच्या होत्या. पासष्टीपूर्वी जडणाऱ्या या व्याधीच्या काही प्रकारांत आरंभी स्मृती शाबूत असते. बदलतो तो स्वभाव. शांत माणूस चारचौघांत वाटेल ते बोलतो, उधळपट्टी करतो. घरचे म्हणतात, व्यसन लागले. कचेरी म्हणते, कामचुकार झाला. निदान होईपर्यंत पुष्कळदा त्याने राजीनामा दिलेला असतो. मुले शाळेत, घराचे हप्ते चालू, आणि साठीच्या आत असल्यामुळे ज्येष्ठ नागरिकांच्या सवलती नाहीत.

म्हणून पहिली विनंती ही की, निदानाआधी राजीनामा देऊ देऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाड अंतर्भूत आहे. त्याच कायद्याच्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेला कमी करता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम, तेही नसल्यास अधिसंख्य पद द्यावे लागते. खासगी नोकरीत हे कवच नाही, हे खेदाने सांगावे लागते. तेथे निदानपत्र घेऊन मालकांशी बोलणे, एवढाच मार्ग उरतो.

दुसरी गोष्ट मुखत्यारपत्राची. ते केले म्हणजे पुढची चिंता मिटली, असे सुशिक्षित माणसेही मानतात. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, ते लिहून देणाऱ्याचे मानसिक संतुलन ढळले की मुखत्यारी संपते. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच! मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. तेव्हा समज शाबूत असतानाच संयुक्त खाते, नामनिर्देशन व मृत्युपत्र उरकावे. उपचारांबाबत आपल्या वतीने कोणी बोलावे, हे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालते.

निदान कळले की त्याच आठवड्यात आमच्या समाजसेवा विभागात यावे. पासबुके, विमापत्रे, नेमणूकपत्र आणावे, आणि रुग्णालाही बरोबर आणावे. कोणाच्या नावावर काय ठेवायचे, हे आधी त्यालाच विचारायचे असते.