वीज कंपनीचं ‘देणं’

(कार्यकर्ती शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘वीज कंपन्यांचे सामाजिक उपक्रम’ असा विषय कार्यक्रमपत्रिकेत छापला आहे. ऐकायला कोरडा वाटेल. पण इथे बसलेल्या तीन गटांकडे गेल्या काही महिन्यांत वीज कंपन्यांचे प्रस्ताव आलेत. एकीला शिवणक्लास देऊ केलाय, दुसरीला आरोग्य शिबिरं. तिसऱ्या गटाला विचारलंय, तुमच्या बाया घरोघर जाऊन लोकांना बिल भरायला लावतील का? सही करायची की नाही हे या तिघींना ठरवायचं आहे. म्हणून आज तत्त्वचर्चा कमी आणि कागदपत्रांबद्दल जास्त बोलणार आहे.

मी एम.एस.डब्ल्यू.चं शिक्षण घेत होते त्याच सुमाराला कंपनी कायदा, २०१३ आला. त्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुली कंपन्यांच्या या ‘सीएसआर’ खात्यांत नोकरीला लागल्या. त्या मनापासून काम करतात. तेव्हा माझं बोलणं त्यांच्याविरुद्ध आहे असं कुणी समजू नका.

आपल्या भाषेत ‘देणं’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. हात वर करून दिलं तेही देणं आणि वाण्याच्या वहीत उरलं तेही देणंच. वीज कंपनी आपल्या दारात येते तेव्हा यातलं नेमकं कोणतं देणं घेऊन येते हे आधी तपासायला हवं. शिवणयंत्र किंवा चष्मे वाटणारी कंपनी पुष्कळदा पहिल्या अर्थाने उदार असते आणि दुसऱ्या अर्थाने थकबाकीदार. आपण चार दिवस बिल चुकवलं तर तिला लगेच कळतं. तिची थकबाकी मात्र कुणी मोजत नाही.

आपल्याकडची सगळ्यात जुनी थकबाकी बघायची तर मुळशीला जावं लागेल. टाटांच्या वीज कंपनीने मुळशीला धरण बांधायला घेतलं, त्यात मावळातली पन्नासेक गावं जाणार होती. १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढाकाराने सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा. मावळे होते, तशा बायाही होत्या. १९२४ पर्यंत लढा मोडला, धरण झालं, आणि १९२७ साली भिऱ्याच्या केंद्रातून वीज मुंबईकडे जाऊ लागली. मुंबई उजळली ते बरंच झालं, पण मोबदल्याचं काय झालं ते बघा. मावळातल्या बऱ्याच जमिनी तोवर पुण्याच्या सावकारांच्या नावावर चढल्या होत्या. कागदावर ज्याचं नाव, मोबदला त्याला. कसणारा कूळ हात हलवत राहिला. त्याच्या बायकोचं नाव तर कुठल्याच कागदावर नव्हतं, ती चिखलात उभी राहून लावणी करत होती एवढंच.

शंभर वर्षं उलटली तरी वीज कंपनीशी आपली गाठ पडते तेव्हा पहिला प्रश्न तोच असतो : कागदावर नाव कुणाचं?

जमिनीचं सोडा, साधं मीटर घ्या. माझ्या कामाच्या वस्तीत नवऱ्याने टाकलेल्या बाया आहेत. घर त्या चालवतात, बिल त्या भरतात, मीटर नवऱ्याच्या नावावर. तो दुसरीकडे संसार मांडतो आणि एक दिवस कचेरीत अर्ज देऊन इथली वीज तोडून घेतो. मुलाची दहावी असते, घरात अंधार. बाई कचेरीत जाते तेव्हा खिडकीवरचा माणूस म्हणतो, “मालकाला घेऊन या.” त्याच कचेरीच्या भिंतीवर महिला सक्षमीकरणाचा रंगीत फलक आहे. कंपनीचं नाव मी घेत नाही. नाव बदलून हाच प्रसंग तुम्हालाही सांगता येईल.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. वीज कायदा, २००३ चं कलम ४३ सांगतं की जागेच्या मालकाने किंवा त्या जागेत राहणाऱ्याने मागणी केली तर वीज देणं हे वितरण कंपनीचं कर्तव्य आहे. ‘किंवा राहणाऱ्याने’ हे शब्द वहीत लिहून ठेवा. २०२२ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वीज ही मूलभूत सोय आहे आणि घरमालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्यावरून भाडेकरूला ती नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेत राहतो आहे की नाही, एवढंच कंपनीने बघायचं. नव्या जोडणीची मुदतही ठरलेली आहे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रात ७, खेड्यात १५. बिल थकलं तरी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. नवरा मुद्दाम वीज तोडत असेल तर कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, २००५ मधल्या आर्थिक छळाच्या कलमाखाली दंडाधिकाऱ्याकडेही जाता येतं. यात उपकार कुठेच नाही, हे सगळं दुसऱ्या अर्थाचं देणं आहे.

कंपनीला हे देणं बाईपर्यंत आणता येतं का? येतं, आणि त्याचं उदाहरण अहमदाबादचं आहे. तिथल्या झोपडपट्ट्यांत मीटर हवं तर जागेच्या मालकीचा कागद दाखवावा लागे. तो कुठून आणणार? मग शेजारच्या मीटरवाल्याकडून किंवा वस्तीतल्या दादाकडून तार ओढायची. एका दिव्याचे इतके, पंख्याचे इतके, असं दरमहा मोजायचं. कायदेशीर मीटरवाल्यापेक्षा गरिबाची वीज महाग पडायची. ‘सेवा’शी जोडलेला महिला हाउसिंग ट्रस्ट आणि ‘साथ’ ही संस्था यांनी २००० सालाच्या आसपास अहमदाबाद इलेक्ट्रिसिटी कंपनीशी बोलणी केली. कंपनी मालकीच्या कागदाशिवाय मीटर द्यायला तयार झाली. या जोडणीवरून जागेवर हक्क सांगणार नाही, एवढं लिहून घेतलं. जोडणीचा खर्च एकरकमी झेपत नव्हता, त्यासाठी सेवा बँकेचं कर्ज होतं. बाईला स्वतःचं मीटर मिळालं, दादाचा हप्ता सुटला, आणि नावाचं बिल हातात आल्यावर राहत्या जागेचा एक पुरावाही आला.

यात कंपनीने वाटलं काय? फारसं काहीच नाही. नियम वाकवला. माझ्या मते वीज कंपनीने गरीब बाईसाठी करण्यासारखं सगळ्यात मोठं काम हेच आहे, आणि गंमत अशी की उद्घाटनाची फीत त्याला लावता येत नाही.

दुसरं उदाहरण दिल्लीचं आहे, आणि ते मला सोपं वाटत नाही. बिलं भरायला लावण्याचा प्रस्ताव आलेल्या गटाने नीट ऐकावं. जुलै २००२ मध्ये दिल्लीतलं वीज वितरण खाजगी कंपन्यांकडे गेलं. उत्तर दिल्लीचा भाग टाटा पॉवर आणि दिल्ली सरकारच्या संयुक्त कंपनीकडे आला, तेव्हा तिथली वीजहानी ५३ टक्के होती. म्हणजे शंभरातल्या निम्म्याहून जास्त विजेचे पैसे येतच नव्हते, काही तारांतल्या गळतीमुळे आणि काही आकडे टाकल्यामुळे. पुढे ती हानी दहा टक्क्यांच्या खाली आली. तांत्रिक सुधारणा होत्याच, त्याबरोबर झोपडवस्त्यांत कंपनीने प्रौढ बायांसाठी साक्षरता वर्ग काढले, त्या वर्गांतून पुढे आलेल्या बायांना ‘आभा’ असं नाव देऊन वस्तीतल्या प्रतिनिधी केलं. मीटर घ्या, बिल वेळेवर भरा, वीज जपून वापरा, हे घरोघर सांगायचं काम त्यांचं.

अक्षर ओळखणं, घराबाहेर पडणं, कंपनीच्या साहेबाशी उभ्याने बोलणं, या गोष्टी मी कमी लेखणार नाही. त्या बाईच्या घरातलं तिचं वजन वाढतं. पण वस्तीत जिथे वायरमन मार खाऊन आला असता, तिथे बाईचं हसून स्वागत होतं. हा विश्वास तिने कमावलेला असतो, बारशाला आणि मयताला जाऊन, उसनं साखर-पीठ देऊन. कंपनीला तोच हवा असतो. तर मग त्याची किंमत काय? मानधन की मजुरी? उन्हातान्हात फिरायचा प्रवासखर्च कोण देणार? वसुलीवरून भांडण होऊन कुणी हात उगारला तर जबाबदारी कुणाची? आणि जास्त बिल आलं म्हणून शेजारीण रडत आली, तर आपली बाई कुणाच्या बाजूने बोलणार?

हा शेवटचा प्रश्न माझ्या लेखी सगळ्यात अवघड आहे. मी एका कंपनीचा मसुदा वाचला आहे, त्यात कलम होतं की सहभागी संस्था कंपनीच्या प्रतिमेला बाधा येईल असं जाहीर विधान करणार नाही. शिवणक्लासच्या करारात हे कलम! म्हणजे वीस यंत्रांच्या बदल्यात सगळ्या वस्तीचं तोंड बंद. मोर्चा काढायचा नाही, नियामक आयोगापुढच्या दरवाढीच्या सुनावणीला जायचं नाही, ग्राहक गाऱ्हाणे मंचाकडे बाईचा अर्ज भरून द्यायचा नाही.

पण कायद्याने आपल्या हातातही काही दिलंय, ते वापरायला हवं. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम या २ टक्क्यांत धरता येत नाही. बिलवसुली हा वीज कंपनीचा धंदाच आहे. तेव्हा ते काम ‘सामाजिक उपक्रम’ म्हणून आलं तर सरळ म्हणा, हे तुमचं काम आहे, आम्ही करू, पण कामाचे दर ठरवा. पैसे कुठे जावेत याच्या यादीत स्त्रीपुरुष समानता, बायांसाठी निवारा आणि वसतिगृहं हे स्पष्ट शब्दांत आहे. तरी कंपन्या पुन्हा पुन्हा शिवणयंत्राकडेच का वळतात? निवारागृह दरवर्षी चालवावं लागतं, यंत्र एकदा दिलं की झालं. माझ्या माहितीतल्या निम्म्या यंत्रांवर आता कपड्यांच्या घड्या ठेवलेल्या असतात.

२०२१ च्या नियमांनुसार या पैशातून उभी राहिलेली वास्तू किंवा वस्तू कंपनीच्या मालकीची राहू शकत नाही. नोंदणीकृत संस्था, सरकारी यंत्रणा यांच्याबरोबर लाभार्थींचे बचत गटही मालक होऊ शकतात. इथे पुन्हा तेच, कागदावर नाव! यंत्रं, खोली, सौरदिवे, जे काही येईल ते मोठ्या मध्यस्थ संस्थेच्या नावावर जाऊ देऊ नका. मध्यस्थ संस्था असतेच, कारण पैसा घेणाऱ्या संस्थेला आयकराच्या दोन नोंदण्या, तीन वर्षांचा अनुभव आणि सीएसआर-१ नावाचा अर्ज लागतो. आपल्यातल्या बहुतेक गटांकडे हे नाही. मग संस्था म्हणते, प्रशासनाला फक्त ५ टक्के आहेत, कार्यकर्तीचा पगार बसत नाही. ऐकून घेऊ नका. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासनखर्चाला आहे, वस्तीत राबणाऱ्या बाईच्या पगाराला नाही.

आणखी एक. ज्या वर्षीचा पैसा त्या वर्षी संपला नाही तर तो केंद्राच्या ठरावीक निधीत भरावा लागतो, किंवा चालू प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवून तीन वर्षांत खर्च करावा लागतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपन्यांना आपली फार आठवण येते. घाई त्यांची असते, आपली नाही. मसुदा मागून घ्या, गटात मोठ्याने वाचा, आठ दिवस ठेवा. तीन वर्षांचा चालू प्रकल्प म्हणून लिहून मागितलं तर मिळू शकतं.

तिन्ही गटांनी आपले मसुदे आणले आहेत. जेवणानंतर आपण ते ओळ न् ओळ वाचणार आहोत. तोंड बंद करणारं कलम ज्यात असेल त्या कलमावर काट मारायची आणि कंपनीला लेखी कळवायचं, हे मी आधीच सांगून ठेवते. त्याखाली आपली एक अट घालू या : महिन्यातून एक दिवस कंपनीचा अधिकारी वस्तीत येऊन बसेल, बायांचे मीटर-बदलाचे आणि नव्या जोडणीचे अर्ज तिथेच घेईल आणि पोच देईल. शिवणक्लास त्यानंतर. अर्जाचे कोरे नमुने मी आणले आहेत, मागच्या टेबलावर आहेत. ज्यांचं मीटर अजून दुसऱ्याच्या नावावर आहे त्यांनी जाताना एकेक उचला.